टक्के कशाचे, हे आधी लिहायला लावा

वर एका ताईंनी विचारलंय, की सातवीतला मुलगा शेकडेवारीची सूत्रं घडाघडा म्हणतो, पण शाब्दिक गणित आलं की अडतो. ताई, त्याला आमच्या तासगावकडचं बेदाण्याचं गणित घालून बघा. 100 किलो द्राक्षं, त्यात 80 टक्के पाणी. वाळवल्यावर बेदाण्यात 15 टक्के पाणी उरलं. बेदाणा किती भरेल?

मुलं 80 तून 15 वजा करतात आणि 65 किलो पाणी उडालं म्हणून 35 उत्तर लिहितात. पण शेडवर राबलेला कुणीही सांगेल, चार किलोला जेमतेम किलोभर बेदाणा पडतो. 35 कुठून येणार? गोम अशी, की 80 टक्के द्राक्षांचे आणि 15 टक्के बेदाण्याचे. दोघांचा शंभर वेगळा. जे बदलत नाही ते धरायचं: पाणी वगळून उरलेला 20 किलो ऐवज. तोच बेदाण्याचा 85 टक्के भाग. 20 भागिले 0.85, म्हणजे साधारण साडेतेवीस किलो.

माझ्या भाचीला मी प्रत्येक टक्क्यावर पेन्सिलीनं बारीक अक्षरात ‘कशाचे?’ लिहायला लावलं. पहिले दोन दिवस कुरकुरली, मग आपोआप लिहू लागली.

आणि पावकी, निमकी, पाऊणकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण यांचे जुने पाढे, घरी जरूर म्हणून घ्या. त्या मागे पडल्या याचं मला मनापासून वाईट वाटतं. 400 चे 75 टक्के म्हणजे चारशेचे पाऊणपट, तीनशे. कागद लागतच नाही.