एएनएमनंतर जीएनएम: तीन वर्षे पुन्हा द्यावीत का?

प्रश्न: उपकेंद्रातली सेविका

नमस्कार. मी गेली 9 वर्षे एका आदिवासी तालुक्यातील उपकेंद्रात कंत्राटी आरोग्य सेविका म्हणून काम करते आहे. बारावी कला शाखेतून झाली, नंतर एएनएम (सहाय्यक परिचारिका व प्रसाविका अभ्यासक्रम) केले, आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे तशी नोंदणीही आहे. वय 34, मुलगा चौथीत. जिल्हा रुग्णालयात अधिपरिचारिकेच्या (स्टाफ नर्सच्या) जागा निघतात तेव्हा एएनएमला अर्जच करता येत नाही, म्हणून आता जीएनएम (सामान्य परिचर्या व प्रसूतिविद्या अभ्यासक्रम) करावे असे मनाने घेतले आहे. कला शाखा आणि वय यांमुळे प्रवेश अडेल का, हे कृपया जाणकारांनी सांगावे. ओळखीचे एक गृहस्थ परराज्यातील एका संस्थेत थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळवून देतो म्हणतात. तिथे फक्त परीक्षेपुरते जायचे. अमेरिकेत राहणारी माझी नणंदही म्हणते की तिकडे प्रॅक्टिकल नर्सला (नोंदणीकृत परिचारिकेच्या खालच्या पायरीवरील नर्सला) आधीच्या शिक्षणाची सूट मिळते, मग आपल्याकडे का मिळू नये?

उत्तर: परिचर्या शिक्षिका, नाशिक

ताई, आधी प्रवेशाचे सांगते. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार जीएनएमसाठी बारावीला इंग्रजी विषय आणि किमान 40 टक्के गुण लागतात. विज्ञान शाखेला प्राधान्य असले तरी कला शाखेला मज्जाव नाही. शिवाय नोंदणीकृत एएनएम ही स्वतंत्र पात्रता धरली जाते आणि तिला केवळ उत्तीर्ण असणे पुरते. इतरांना असलेली 35 वर्षांची कमाल वयोमर्यादाही एएनएमला लागू नाही. थेट बी.एस्सी. नर्सिंगचा मार्ग मात्र तुम्हाला बंद आहे, कारण त्याला भौतिक, रसायन व जीवशास्त्र लागते.

आता त्या गृहस्थांविषयी. आपल्याकडे एएनएमला जीएनएमच्या दुसऱ्या वर्षात प्रवेश नाही आणि पत्राद्वारे जीएनएमही नाही. अभ्यासक्रम पूर्ण तीन वर्षांचा आहे, त्यातच शेवटचे सहा महिने आंतरवासिता (इंटर्नशिप), आणि परीक्षेला बसण्यासाठी 80 टक्के उपस्थिती लागते. अशा कागदावर नोंदणी झाली नाही, तर पैसे आणि वर्षे दोन्ही पाण्यात. प्रवेश घेण्यापूर्वी संस्थेला भारतीय परिचर्या परिषदेची आणि त्या त्या राज्याच्या परिषदेची मान्यता आहे का, हे स्वतः तपासा, मध्यस्थाच्या तोंडच्या शब्दावर जाऊ नका.

तुमच्या नणंदेचे म्हणणे खरे आहे, पण ती व्यवस्था वेगळी आहे. अमेरिकेत प्रॅक्टिकल नर्सची स्वतंत्र परवाना परीक्षा असते, आणि पुढे नोंदणीकृत परिचारिका होताना अनेक महाविद्यालये जुन्या विषयांचे श्रेयांक धरून अभ्यासक्रमाचा काळ कमी करतात. आपल्याकडे एएनएमचा अनुभव प्रवेशाचे दार उघडतो, पण आतला जिना पहिल्या पायरीपासूनच चढावा लागतो. मला स्वतःला हे अन्यायाचे वाटते, कारण सामाजिक आरोग्य, बालआरोग्य आणि प्रसूतिविद्या हे विषय दोन्हीकडे आहेत.

उत्तर: एएनएमची जीएनएम झालेली

मी हे वयाच्या 31 व्या वर्षी केले, तेव्हा अनुभव सांगते. मला वाटले होते की प्रत्यक्ष कामात मी पुढे असेन आणि अभ्यासात मागे पडेन. झाले थोडे निराळेच. पहिल्या वर्षी शरीररचना, सूक्ष्मजीवशास्त्र आणि मानसशास्त्र यांची इंग्रजी पुस्तके समोर आली, तेव्हा अठरा वर्षांच्या मुली एकदा वाचून उठत आणि मी रात्री अकरापर्यंत शब्दकोश घेऊन बसलेली असे. पण खरी अडचण दुसऱ्या वर्षी वॉर्डात आली. उपकेंद्रात आपण निर्णय एकटीने घेतो आणि गुंतागुंत दिसली की वरच्या रुग्णालयात पाठवतो. वॉर्डात ज्याला वर पाठवायचे तोच रुग्ण आपल्यासमोर असतो. शस्त्रक्रियेनंतरचा रुग्ण, छातीतली नळी, दर तासाला मोजायची लघवी, हे मी कधी हाताळलेच नव्हते. 500 मिलीलीटर सलाईन चार तासांत द्यायचे असेल आणि संचातून एका मिलीलीटरला 20 थेंब पडत असतील, तर मिनिटाला सुमारे 42 थेंब येतात. हे गणित मला आधी कोणी कधी विचारलेच नव्हते, मी अंदाजाने सलाईनच्या नळीवरचे चाक फिरवत असे.

प्रसूतिकक्षात मात्र चित्र पालटले. बाळ जन्मल्यावर, वार (अपरा) पडण्यापूर्वी ऑक्सिटोसिनची 10 युनिट स्नायूत द्यायची आणि मग गर्भाशय घट्ट झाले का ते पोटावर हात ठेवून पाहायचे, हे माझ्या हातात बसलेले होते आणि वर्गातल्या मुली माझ्याकडून शिकत होत्या. तरीही आधी केलेल्या शेकडो बाळंतपणांपैकी एकाचीही नोंद केसबुकात (प्रात्यक्षिकांच्या नोंदवहीत) चालली नाही. ती सगळी पुन्हा करून लिहावी लागली.

पैशाचे म्हणाल, तर कंत्राटी असल्याने मला अध्ययन रजा मिळाली नाही, राजीनामाच द्यावा लागला. तुम्ही राखीव प्रवर्गातील असाल, तर शिष्यवृत्तीसाठी शासनाच्या महाडीबीटी संकेतस्थळावर वेळेत अर्ज करा. माझा पहिल्या वर्षीचा अर्ज जातवैधतेच्या कागदावरून अडला होता.

उत्तर: सेवानिवृत्त परिसेविका

सगळे प्रवेशाच्या वयाबद्दल बोलत आहेत, पण भरतीच्या वयाकडे कोणी पाहिले नाही. राज्य शासनाच्या सरळसेवेत खुल्या प्रवर्गाला 38 आणि मागासवर्गीयांना 43 ही कमाल वयोमर्यादा असते. तुम्ही आज 34 वर्षांच्या आहात, निकाल आणि नोंदणी हाती येईपर्यंत 38 लागेल. खुल्या प्रवर्गात असाल, तर शासकीय अधिपरिचारिका हे एकच ध्येय धरून नोकरी सोडणे मला धोक्याचे वाटते, भले सातव्या वेतन आयोगात आरोग्य सेविकेचे मूळ वेतन 25,500 पासून आणि अधिपरिचारिकेचे 35,400 पासून सुरू होत असले तरी. खासगी रुग्णालयाची तयारी असेल, किंवा पुढे जीएनएमनंतरचे दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बी.एस्सी. करून शिकवण्याकडे वळायचे असेल, तर मात्र वय आडवे येणार नाही.

प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. मी इतर मागास प्रवर्गातील आहे, त्यामुळे 43 चा आकडा वाचून जीव भांड्यात पडला. परराज्यातील त्या गृहस्थांना आजच नकार कळवला. घरी बोलून यंदाच अर्ज भरायचे ठरवले आहे. मुलाला दोन वर्षे सासूबाई सांभाळतील, तिसऱ्या वर्षाचे अजून ठरलेले नाही. कपाट उघडून कागद काढले तेव्हा एक गोष्ट लक्षात आली: माझ्या एएनएम नोंदणीचे पाच वर्षांचे नूतनीकरण करायचे राहून गेले आहे. प्रवेशाच्या पडताळणीआधी ते करावेच लागेल, असे गृहीत धरून पुढच्या आठवड्यात मुंबईला परिषदेच्या कार्यालयात जाते आहे. सोबत कोणकोणती मूळ कागदपत्रे न्यावीत, हे कोणी सांगू शकेल का?