वसतिगृहातल्या मुलींसाठी नेतृत्व शिबिर: अमेरिकेत लॅटिनो मुलांसाठी करतात तसं इथे जमेल का?

पेठरोड_ताई
नमस्कार मंडळी. मी नाशिकला गणित शिकवते आणि दर रविवारी पेठ रोडच्या एका मुलींच्या वसतिगृहात जाते. नववी ते बारावीच्या 22 मुली आहेत. बहुतेक कोकणा, काही महादेव कोळी, वारली. सुरगाणा, पेठ, हरसूलकडच्या. सुट्टीत निम्म्या जणी आईबरोबर दिंडोरीला द्राक्षबागेत थिनिंगला (घडातले मणी विरळ करायला) जातात. टोळीचा हिशोब त्याच ठेवतात: कुणाचे किती खाडे, उचल किती फिटली. मुकादमाची बेरीज चुकली तर तोंडावर सांगतात.

त्याच मुली शहरातल्या वर्गात गप्प. ऑगस्टमध्ये एका वक्तृत्व स्पर्धेत आमच्यातल्या एकीचे उच्चार ऐकून पुढच्या रांगेतली मुलं हसली. परीक्षकही हसले. ती भाषण अर्धवट टाकून खाली उतरली आणि तेव्हापासून हात वर करत नाही. मी मग व्यक्तिमत्त्व विकासाचं व्याख्यान ठेवलं. इंग्रजीत ओळख कशी करून द्यायची, उभं कसं राहायचं वगैरे. टाळ्या झाल्या, सोमवारी सगळं होतं तसंच.

भाची टेक्सासला असते. ती सांगते, तिथे हायस्कूलच्या लॅटिनो (मूळच्या मेक्सिको, पोर्तो रिकोसारख्या स्पॅनिशभाषक भागांतल्या) मुलांसाठी नेतृत्वाचे वेगळे कार्यक्रम कित्येक वर्षं चालू आहेत. त्यात नेमकं करतात काय? माझ्याकडे पैसे नाहीत, एक हॉल आणि रविवार आहे.

देवळालीकर
ताई, मी 11 वर्षं लॉस एंजेलिसला होतो, बॉइल हाइट्स या मेक्सिकन वस्तीजवळ कामाला. त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

तुमच्या मुलीसारखी मुलं तिथेही होती. शाळेत स्पॅनिश बोललं की शिक्षा व्हायची, हुशार पोरालाही कॉलेजऐवजी हातकामाकडे वळवायचे. 1963 पासून मालिबूच्या कॅम्प हेस क्रेमरमध्ये मेक्सिकन-अमेरिकन मुलांची शिबिरं भरू लागली. साल कॅस्ट्रो नावाचे शिक्षक त्यात पुढे होते. वेगवेगळ्या शाळांची मुलं एकत्र बसली, बोलली, तेव्हा कळलं की आपल्याच शाळेत असं होतं असं नाही, सगळीकडे तेच. मार्च 1968 मध्ये पूर्व लॉस एंजेलिसच्या शाळांतून हजारो मुलं वर्ग सोडून रस्त्यावर आली. आपला इतिहास शिकवा, दोन्ही भाषांत शिकवा, मारणं थांबवा, अशा मागण्या होत्या. कॅस्ट्रोंना अटक झाली, वर्गातून काढलं. लोकांनी शिक्षण मंडळाच्या कचेरीत ठाण मांडलं, तेव्हा ते परत शिकवायला लागले.

न्यूयॉर्कला 1961 मध्ये अँटोनिया पँटोहा यांनी पोर्तो रिकन मुलांसाठी अस्पिरा ही संस्था काढली. हायस्कूलमध्ये क्लब असतात. आधी आपली परिस्थिती नीट पाहायची, मग ती तशी का आहे ते शोधायचं, मग काहीतरी करायचं. ही तिसरी पायरी सोडायची नाही.

भाची म्हणते तो कार्यक्रम बहुधा नॅशनल हिस्पॅनिक इन्स्टिट्यूटचा, 1979 पासूनचा. तिथे मुलं स्वतःचं विधिमंडळ भरवतात, उमेदवार उभे करतात, विधेयकं लिहून मतं मिळवतात. त्याला लोरेन्झो डी झवाला यांचं नाव आहे. 1836 मध्ये ते टेक्सास प्रजासत्ताकाचे पहिले उपाध्यक्ष होते.

यांच्यापैकी कुणीही 'मुलांमध्ये काहीतरी कमी आहे, ते भरू' असं म्हणून सुरुवात केली नाही. तुमच्या व्याख्यानात मात्र तेच होतं. राग मानू नका, पण तुमच्या मुलींना हिशोब येतो आणि मुकादमाशी भांडता येतं. तिथून सुरू करा.

सुरगाण्याची
ताई, मी आश्रमशाळेत शिकले, आता नाशिकला एमए करतेय. माझ्याही बोलण्यावर हसलेत.

2018 ला मी नववीत होते आणि आई शेतकऱ्यांच्या नाशिक ते मुंबई मोर्चात. 6 मार्चला वनपट्ट्यांसाठी नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावरून सगळे पायी निघाले. मुंबईत पोचले तेव्हा तिथे दहावीची परीक्षा चालू होती. सकाळी रस्ते अडले तर पोरांचा पेपर चुकेल, म्हणून सोमय्या मैदानावरून रात्रीच उठले आणि आझाद मैदानापर्यंत चालत गेले. आईच्या पायाला तेव्हा फोड आलेले. नेतृत्व म्हटलं की मला ती रात्र आठवते. तुमच्या मुलींना विचारा, त्यांच्या घरातून कोण कोण गेलं होतं.

पहिली बैठक कोकणा बोलीत होऊ द्या. तुम्हाला कळणार नाही, चालेल, एक मुलगी मराठीत सांगेल. आणि शालेय मंत्रिमंडळासारखं नको. आमच्या शाळेत मी आरोग्यमंत्री होते. वर्षभर फक्त नखं तपासली. मुलींना एखादा खरा प्रश्न घेऊ द्या.

पेठरोड_ताई
दादा, राग कसला. बरोबर बोललात. आणि सुरगाण्याच्या ताई, तुमची गोष्ट मी मुलींना वाचून दाखवली. 9 जणींच्या घरून कुणी ना कुणी मोर्चात होतं. मी दोन वर्षं तिथे जातेय, मला माहीतच नव्हतं.

परवा बैठक झाली. मी मागे बसले. मराठीत सांगायला मुलींनी ऑगस्टमधल्या त्या मुलीलाच पुढे ढकललं. दोनदा अडली, पाणी प्यायली, मग सगळं सांगितलं. क्लासवरून सातला परतताना बसथांब्यापासूनचा रस्ता अंधारा असतो, हा प्रश्न त्यांनी निवडला. काल जाऊन खांब मोजून आल्या. 11 पैकी 4 दिवे बंद. खांबांचे नंबर वहीत आहेत.

दिव्यांसाठीचा अर्ज महापालिकेच्या विभागीय कार्यालयात प्रत्यक्ष द्यायचा असेल तर पोच कुणाकडून घ्यायची? मुलींना स्वतः जायचंय, मी फक्त रिक्षाचं बघणार आहे.