व्हिडिओतले स्पॅनिश समजते, फोनवरचे समजत नाही. कुठे चुकते आहे?

प्रश्न : मिरजेचा तंबोरा

नमस्कार. मिरजेत आमच्या घरी सतारी आणि तंबोरे तयार करण्याचे काम चालते. भोपळा निवडण्यापासून जवारी काढण्यापर्यंतचे (म्हणजे तारेला घुमारा यावा म्हणून घोडी घासून जुळवण्यापर्यंतचे) सगळे वडील आणि काका पाहतात; ग्राहकांशी बोलणे, पत्रव्यवहार आणि पार्सल एवढे माझ्याकडे आहे. अलीकडे स्पेन आणि मेक्सिको येथूनही चौकशी होऊ लागली आहे. सुरुवातीला मी लेखी मजकूर भाषांतराच्या ॲपमधून पाठवत असे. परंतु एकदा त्या ॲपने तारा जिच्यावर टेकतात त्या ‘घोडी’चे भाषांतर खऱ्याखुऱ्या घोडीचे आणि सतारीच्या दांडीवरील ‘पडद्यां’चे भाषांतर खिडकीच्या पडद्यांचे केले, आणि सेव्हियाच्या ग्राहकाने अत्यंत नम्रपणे विचारले की वाद्यासोबत जनावरही येणार आहे काय. त्या दिवशी स्पॅनिश शिकायचे ठरवले.

वर्गासाठी पुण्याला ये-जा करणे शक्य नसल्यामुळे गेले आठ महिने दुकान बंद झाल्यावर रोज साधारण सव्वा तास व्हिडिओ पाहतो. नवशिक्यांसाठी चित्रे काढून, हातवारे करून बोलणाऱ्या शिक्षकांचे व्हिडिओ मला आता जवळजवळ पूर्ण समजतात. रस्त्यावरील लोकांच्या मुलाखतींचे व्हिडिओ खाली इंग्रजी ओळी असतील तरच समजतात. मागच्या आठवड्यात सेव्हियाच्याच ग्राहकाचा फोन आला आणि दहा मिनिटांत मला ‘ओला’ व ‘ग्रासियास’ यांखेरीज काही उमगले नाही.

केवळ व्हिडिओ पाहून भाषा येते काय? खालच्या ओळी ठेवाव्यात की बंद कराव्यात? आणि बोलायला केव्हा सुरुवात करावी? काही ठिकाणी असे वाचले की शेकडो तास नुसते ऐकावे, तोपर्यंत तोंड उघडू नये. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : विश्रामबागची वाचक

मी पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटच्या इमारतीतील विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात स्पॅनिश शिकले, पुढे काही वर्षे एका कंपनीत लॅटिन अमेरिकेतील ग्राहकांचे फोन घेतले आणि आता सांगलीत परतले आहे. आपला फोनवरचा अनुभव मला पहिल्या नोकरीच्या पहिल्या महिन्यात आला होता, तोही वर्गातील परीक्षा उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाल्यानंतर. तेव्हा तो दोष केवळ व्हिडिओंच्या माथी मारू नये.

आपण इंग्रजी ओळी वाचता, हे मात्र मला खटकले. डोळ्यांसमोर इंग्रजी असले की आपण इंग्रजी वाचत असतो आणि स्पॅनिश हे पार्श्वसंगीतासारखे वाजत राहते. याहून मोठा तोटा असा की इंग्रजीतून गेल्यामुळे स्पॅनिश अकारण अवघड वाटू लागते. ‘मे गुस्ता एल काफे’ हे वाक्य इंग्रजीतून शिकवताना शिक्षक अर्धा तास घालवतात, कारण इंग्रजीत ज्याला आवडते तो माणूस कर्ता असतो. मराठी माणसाला यात नवीन काहीच नाही. ‘मला कॉफी आवडते’ असेच आपण म्हणतो. आंबे अनेक झाले की आपले क्रियापद ‘आवडतात’ होते, तसेच त्यांचे ‘गुस्तान’ होते.

आणखी एक गंमत पाहा. ‘मी घर शोधतो’ यात घराला प्रत्यय लागत नाही, पण ‘मी भावाला शोधतो’ यात ‘ला’ लागतो. स्पॅनिशमध्येही ‘बुस्को उना कासा’, परंतु ‘बुस्को आ मी एर्मानो’. माणूस आला की आधी ‘आ’ येतो. इंग्रजीतून शिकणारे हा ‘आ’ वर्षानुवर्षे विसरतात. भूतकाळाचेही तसेच आहे. ‘मी नदीवर गेलो’ म्हणजे ‘फुई अल रियो’, आणि ‘लहानपणी मी कृष्णेवर पोहायला जाई’ यातील ‘जाई’ म्हणजे ‘इबा’. शाळेत रीतिभूतकाळ पाठ करताना त्याचा पुढे कधी उपयोग होईल असे मला वाटले नव्हते. ‘किएरो के बेंगास’ यातील क्रियापदाच्या रूपाला इंग्रजी पुस्तके स्वतंत्र प्रकरण देतात. ‘तू यावेस अशी माझी इच्छा आहे’ यातील ‘यावेस’ मनात आणले की त्यातले निम्मे भय जाते.

मराठी सगळीकडे कामी येते असे मात्र नाही. ‘मी मिरजेचा आहे’ आणि ‘मी मिरजेत आहे’ या दोन्हींत आपला एकच ‘आहे’. त्यांच्याकडे पहिल्यासाठी ‘सोय’ आणि दुसऱ्यासाठी ‘एस्तोय’. तो फरक कान तयार होऊनच येतो आणि त्यासाठी व्हिडिओंसारखे साधन नाही.

म्हणून माझी पद्धत अशी आहे की व्हिडिओ पहिल्यांदा कोणत्याही ओळींशिवाय पाहावा, दुसऱ्यांदा स्पॅनिश ओळी लावून पाहावा आणि जे अडेल ते वहीत मराठीत लिहावे. यंत्राने आपोआप तयार केलेल्या ओळींवर डोळे झाकून विसंबू नये, कारण घाईने बोललेल्या जागी त्या नेमक्या चुकतात. उच्चारांबाबत एवढेच सांगते की शाळेतील इंग्रजीमुळे आपण ‘टॅको’ म्हणतो. तिथे साधा दंत्य ‘त’ आहे, ‘ताको’. त्यांचे प, त, क हे आपल्यासारखेच हवेच्या झोताविना येतात. ही देणगी असताना ट-ड कशासाठी वापरायचे?

उत्तर २ : बेदाणा

मी तासगावचा असून सध्या डेले या स्पॅनिशच्या परीक्षेची तयारी करत आहे. ही परीक्षा इन्स्तितुतो सेर्व्हांतेस घेते आणि त्या संस्थेचे केंद्र दिल्लीत आहे.

आधी आपला हिशेब मांडतो. आठ महिने, रोज सव्वा तास, म्हणजे सुमारे ३०० तास झाले. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था इंग्रजीभाषकांना स्पॅनिशसाठी सुमारे ६०० ते ७५० वर्गतास लागतात असे धरते, आणि तेही शिक्षक समोर असताना. ‘ड्रीमिंग स्पॅनिश’ या केवळ व्हिडिओंवर चालणाऱ्या प्रकल्पाच्या तक्त्यात ५०, १५०, ३००, ६००, १००० आणि १५०० तास असे टप्पे आहेत. कोणतेही माप घेतले तरी आपण फार तर मध्यावर आहात, तेव्हा फोन समजला नाही यात विशेष काही घडलेले नाही.

‘तोंड उघडू नका’ या सल्ल्याचे मूळ दोन ठिकाणी आहे. समजेल असे ऐकत-वाचत गेल्यानेच भाषा अंगी मुरते, असे प्रतिपादन स्टीफन क्रॅशन यांनी केले. बँकॉकमध्ये थाई भाषा शिकवणाऱ्या मार्विन ब्राउन यांनी तर विद्यार्थ्यांनी दीर्घकाळ केवळ ऐकावे, लवकर बोलल्यास उच्चार कायमचे बिघडतात, अशी भूमिका घेतली. पहिली गोष्ट मला बव्हंशी पटते. दुसरी गोष्ट विद्यार्थ्याला मानवेल, व्यापाऱ्याला मानवणार नाही, कारण ग्राहक १००० तास थांबत नाही. शिवाय मराठी कानाला स्पॅनिशचे पाच स्वर आणि बहुतेक व्यंजने परकी नाहीत. ‘पेरो’ म्हणजे ‘परंतु’ आणि र घोळवून म्हटलेला ‘पेर्रो’ म्हणजे ‘कुत्रा’ एवढे सांभाळले की झाले.

पहिल्या उत्तराशी माझा एक मतभेद आहे. मराठीशी असलेली साम्ये सुखावणारी आहेत, परंतु क्रियापदांची रूपे पाठ केल्याशिवाय माझे काम झाले नाही. व्हिडिओत एखादे अनियमित रूप महिन्यातून एकदा ऐकू येते. पाढ्यांसारखे दहा दिवस म्हटले की ते पुढच्या वेळी ऐकताच ओळखता येते. ‘काही पाठ करू नका, आपोआप येईल’ असे सांगणाऱ्या व्हिडिओंचा मला आता कंटाळा आला आहे.

उत्तर ३ : पलूसकर परदेशी

मी कामानिमित्त दोन वर्षे माद्रिदमध्ये होतो. आपल्या प्रश्नातील ‘सेव्हिया’ हा शब्द वरील दोघांनीही ओलांडला, आणि निम्मे उत्तर त्यातच आहे.

नवशिक्यांच्या व्हिडिओंतील शिक्षक प्रत्येक अक्षर चावून बोलतात. सेव्हिया हे अंदालुसियात आहे आणि तेथील बोलीत अक्षराच्या शेवटचा ‘स’ हा ‘ह’सारखा होतो किंवा गळतोच. ‘मास ओ मेनोस’ याचे ‘माह ओ मेनो’ होते, ‘तेर्मिनादो’चे ‘तेर्मिनाओ’ आणि ‘पारा’चे नुसते ‘पा’. मला माद्रिदची सवय होती, तरी पहिल्यांदा सेव्हियाला गेलो तेव्हा रेल्वे स्थानकावरील टॅक्सीवाल्याने भाडे तीनदा सांगितले आणि शेवटी बोटांनी दाखवले. पुस्तकी मराठी शिकलेल्या परदेशी माणसाला थेट जतच्या बाजारात उभे करावे, तशी आपली गत त्या फोनवर झाली असणार. मेक्सिकोच्या पठारी भागातील बोलण्यात मात्र ‘स’ टिकून राहतो. तेथील ग्राहकाशी आधी बोलून पाहावे, असे मी सुचवीन.

दुसरे कारण सर्वच स्पॅनिशला लागू आहे. शब्दाच्या शेवटचा आणि पुढच्या शब्दाच्या आरंभीचा स्वर ते एकत्र करून टाकतात. ‘ला आमिगा’चे ‘लामिगा’ होते, आणि ‘बा आ आब्लार’ (तो बोलणार आहे) हे तीन शब्द ‘बाब्लार’ असे एका दमात येतात. आपण सूर्य आणि अस्त यांचा ‘सूर्यास्त’ करतो, तोच हा प्रकार. फरक इतकाच की आपली संधी शब्दकोशात सापडते आणि त्यांची वाक्यात घडते. म्हणून ओळखीचा शब्दही ओळखू येत नाही. यावर मला लागू पडलेला उपाय म्हणजे एकच मिनिटाचा तुकडा निवडून, तो ऐकत जे ऐकू येईल ते देवनागरीत लिहायचे आणि मग स्पॅनिश ओळींशी ताडून पाहायचे. देवनागरी यासाठी की तिच्यात आपण ऐकलेले लिहितो, रोमनमध्ये मात्र पाहिलेले.

आता आपल्या कामाचे. आपण मुलाखती का पाहत आहात? मिरजेत शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतून सतारमेकर घडले. तसाच वाद्य घडवणाऱ्यांचा वारसा स्पॅनिश बोलणाऱ्या जगातही आहे. स्पेनमध्ये ग्रानादा हे गिटार घडवणाऱ्यांचे शहर आहे, तर मेक्सिकोत मिचोआकान राज्यातील पाराचो या गावाची ओळखच गिटारांमुळे आहे. आजच्या शास्त्रीय गिटारचा घाट ज्यांनी ठरवला ते आंतोनियो दे तोरेस (१८१७–१८९२) हेही अंदालुसियातीलच, आल्मेरियाचे. गिटार घडवतानाचे स्पॅनिश व्हिडिओ शोधावेत. कारागीर रंधा मारताना काय सांगत असेल, हे तुम्हाला शब्द कळण्याआधीच कळेल, आणि विषय एकच असल्यामुळे तेच शब्द पुन्हा पुन्हा कानांवर पडतील. घोडीला ‘पुएन्ते’, म्हणजे पूल, म्हणतात. पडद्यांना ‘त्रास्तेस’, तारांना ‘कुएर्दास’, खुंटीला ‘क्लाबिखा’ आणि भोपळ्याला ‘कालाबासा’ म्हणतात. जवारीला त्यांच्याकडे शब्द नाही; तो शब्द तसाच ठेवावा आणि समजावून सांगावा.

प्रतिसाद : मिरजेचा तंबोरा

तिघांचेही मनःपूर्वक आभार. तीन आठवडे सांगितल्याप्रमाणे करून पाहिले, म्हणून आता लिहीत आहे.

इंग्रजी ओळी बंद केल्यावर पहिले चार-पाच दिवस फार चिडचिड झाली. गिटारचे व्हिडिओ मात्र खरोखरच वेगळे निघाले. एका कारागिराने घोडी चिकटवण्यापूर्वी तिचा तळ पोटाच्या बाकाशी जुळेपर्यंत किती वेळा घासायचा हे सांगितले, आणि ते मला एकही ओळ न वाचता समजले. वडील शेजारी बसले होते, त्यांना स्पॅनिशचे अक्षरही येत नाही, तरी ते म्हणाले, “हा माणूस घाई करतोय.” दोन मिनिटांनी त्या कारागिराने तोच तुकडा काढून पुन्हा घासला.

मेक्सिकोच्या ग्राहकाशी आधी बोललो आणि वाक्यांचा निम्मा भाग कळला. सेव्हियाच्या ग्राहकाला मी फोनऐवजी ध्वनिसंदेश पाठवण्याची विनंती केली, जेणेकरून तो मला हळू करून पुन्हा पुन्हा ऐकता येतो. चाळीस सेकंदांचा संदेश देवनागरीत उतरवायला पाऊण तास लागला. त्यांना जवारी खुली हवी आहे, हे समजले. क्रियापदेही पाठ करायला घेतली आहेत. त्यासाठी ‘बेदाणा’ यांचे स्वतंत्र आभार.

एक छोटी शंका उरली आहे. व्हिडिओंत सगळे एकमेकांना ‘तू’ म्हणतात. हे ग्राहक वडिलांच्या वयाचे आहेत. त्यांना ‘तू’ म्हणण्यास माझी जीभ वळत नाही.

उत्तर ४ : विश्रामबागची वाचक

वळू नये हेच बरे. ‘उस्तेद’ वापरावे. जुन्या ‘वुएस्त्रा मेर्सेद’, म्हणजे ‘आपली कृपा’, या संबोधनातून ते आले आहे, म्हणून त्याचे क्रियापद तृतीय पुरुषी असते. ‘सरकारांनी बसावे’ असे म्हणावे तसे. स्पेनमध्ये लोक लवकर ‘तू’वर येतात, मेक्सिकोत वयाने मोठ्या माणसाशी ‘उस्तेद’ अधिक काळ चालते. सेव्हियाच्या गृहस्थांनी संदेशात आपल्याला काय म्हटले आहे ते आपण उतरवलेल्या मजकुरात पाहावे. ‘किएरेस’ (तुला हवे) असेल तर ते ‘तू’वर आले आहेत आणि आपणही येण्यास हरकत नाही; ‘किएरे’ (आपल्याला हवे) असेल तर थांबावे. मात्र अंदालुसियात शेवटचा ‘स’ गळतो, तेव्हा एका शब्दावरून निर्णय करू नये. ‘ते’ (तुला) आणि ‘ले’ (आपल्याला) यांपैकी काय ऐकू येते तेही पाहावे.