मदत हवी आहे: कार्डिनल आल्बोर्नोथची कायदेसंहिता

मंडळी, चौदाव्या शतकातल्या खिल आल्बोर्नोथ या स्पॅनिश कार्डिनलवर (पोपच्या खालोखालचा कॅथलिक धर्माधिकारी) लेख लिहितोय. पोप आजच्या फ्रान्समधल्या आव्हिन्योंला मुक्काम ठोकून, इकडे इटलीतला त्यांचा मुलूख स्थानिक सरदारांनी गिळलेला. तो सोडवायला १३५३ मध्ये यालाच धाडलं. गडी आधी टोलेडोचा आर्चबिशप, तरी १३४० च्या स्पेनमधल्या सालादोच्या लढाईत कास्तीलच्या राजासोबत मैदानात! इटलीतल्या स्पोलेतोचा डोंगरावरचा किल्लाही त्यानेच बांधवलेला.

लढाया कळल्या. गाडी अडलीये पोपच्या या मुलखासाठी त्याने केलेल्या १३५७ च्या कायदेसंहितेपाशी. ती थेट १८१६ पर्यंत टिकली, म्हणजे नुसत्या तलवारीचं काम नव्हे. त्यात न्यायनिवाडा आणि शहरांचे हक्क यांची मांडणी नेमकी कशी होती? मराठीत किंवा इंग्रजीत सोपं काही वाचलं असेल तर सुचवा. लॅटिनशी आपलं जमत नाही.