छोटं विमान, बिघडलेली हवा : तुमचे अनुभव लिहा

30 सप्टेंबर 2001, रविवार. दिल्लीहून कानपूरच्या सभेला निघालेल्या माधवराव शिंद्यांचं किंग एअर सी-90 विमान खराब हवेत मैनपुरी जिल्ह्यात कोसळलं. माधवराव, त्यांचे स्वीय सचिव, चार पत्रकार, दोन वैमानिक, आठही जण गेले. परवा हा विषय निघाला तेव्हा जाणवलं, असल्या आठ-दहा आसनी विमानात बसलेले आपल्यात बरेच आहेत. कुणी नोकरीपायी, कुणी ट्रेकसाठी. हवा बिघडलेली असताना तुम्ही उडालात, खोळंबलात किंवा घरी परतलात, तर लिहा. घातपाताच्या थिअऱ्या मात्र इथे नकोत.

ग्वाल्हेरकर
मी असल्या विमानात कधी बसलो नाही, पण तेव्हा आम्ही ग्वाल्हेरलाच राहत होतो. धोंड्याचा महिना चालू होता, ताई-भावोजी आलेले, आई अनारसे तळत होती. बातमी आली तशी तिने कढई खाली उतरवली. आमच्या आळीत त्यांना कुणी नावाने संबोधत नसे, महाराजच. बाबा पुढे कितीतरी वर्षं एकच म्हणायचे, "सभाच होती ना? उद्या झाली असती."

कलिनावाला
बाबांनी नेमकं दुखतं तिथे बोट ठेवलंय. मी मुंबईत चार्टर ऑपरेशन्समध्ये, म्हणजे अख्खं विमान भाड्याने देणाऱ्यांकडे होतो. मोठ्या एअरलाइनमध्ये प्रवासी आणि वैमानिक यांच्या मध्ये अख्खं खातं उभं असतं. चार्टरमध्ये पैसे भरणारा माणूस कॉकपिटच्या पाठीलाच बसतो. "उडा" असं कुणी म्हणत नाही हो. पीए येऊन एवढंच विचारतो, "कॅप्टन, काय म्हणताय? साहेब बंगल्यावरून निघालेत." निवडणुकीच्या दिवसांत हे तासातासाला.

आता थोडं तांत्रिक. सी-90 जेमतेम 30,000 फुटांपर्यंत जातं. पावसाळ्यातला क्युम्युलोनिंबस, म्हणजे गडगडाटी वादळाचा उंच ढग, आमच्या भाषेत सीबी, 50,000 फुटांच्याही वर चढतो. वरून जाता येत नाही, खालून जाणं वेडेपणा. उरतो वळसा, तोही तगड्या सीबीपासून किमान 20 नॉटिकल मैल (साधारण 37 किलोमीटर) लांबून. विमानाच्या नाकात रडार असतं खरं, पण मुसळधार पाऊस त्याच्या लहरी गिळून टाकतो. मग त्या सरीमागे दुसरा सीबी असला तरी पडद्यावर तिथे काळंच दिसतं, म्हणजे जणू मोकळं आकाश. भले भले तिथे फसतात.

पायवाट
एव्हरेस्ट बेस कॅम्पला जाताना लुक्लाचं, म्हणजे जिथून ट्रेक सुरू होतो त्या डोंगरातल्या गावाचं विमान रामेछापहून होतं. मध्यरात्री काठमांडू सोडून पहाटे तिथे पोचलो आणि बसून राहिलो. लुक्लाची धावपट्टी 527 मीटरची, चढ जवळजवळ 12 टक्के, टोकाला डोंगर. उतरायला लागल्यावर चुकलं तर पुन्हा वर उचलून घ्यायला जागाच नाही. तरी आमच्यातले अर्धे काउंटरवर भांडत होते, "इथे तर ऊन पडलंय!" ऊन रामेछापला होतं, तिकडे लुक्ला ढगात. 2008च्या ऑक्टोबरात तिथेच धुक्यात ट्विन ऑटर जातीचं छोटं विमान धावपट्टीच्या अलीकडेच आपटलं, 19 जणांपैकी एकटा कॅप्टन वाचला. हे मी घरी परत आल्यावर वाचलं. आधी वाचलं असतं तर भांडणाऱ्यांना दाखवलं असतं!

बिरसीचा विद्यार्थी
गोंदियाला विमान उडवायला शिकत होतो. हिवाळ्यात सकाळी धुरकं. नजरेच्या भरवशावर उडायचं तर 5 किलोमीटर दिसायला हवं, नाहीतर बॅग खाली ठेवायची आणि चहा प्यायचा. इन्स्ट्रक्टर सर वाद घालू देत नसत. आमच्यामागे कुणाची सभा नव्हती, हे आमचं सुख.

सिॲटलची काकू
अलास्काच्या क्रूझवर केचिकनला उतरलो होतो. ह्यांना फ्लोटप्लेनमधून, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या विमानातून, फ्योर्ड (कड्यांमधली समुद्राची चिंचोळी खाडी) बघायचं होतं. आदल्या रात्री लेकीने 2015च्या अपघाताचा अहवाल वाचून दाखवला: क्रूझचेच आठ प्रवासी आणि वैमानिक, परतताना ढगाळ हवेत ऑटर विमान डोंगरावर आदळलं, नऊही जण गेले. चौकशीत वैमानिकाच्या निर्णयाबरोबर कंपनीच्या कार्यपद्धतीवरही ठपका आला. आणि वर जहाज सुटायच्या आत परतायची घाई. पाऊस होता, आम्ही गेलो नाही. हे अजून कुरकुरतात.

साशंक
प्रवाशाला बोल लावणं मला पटत नाही. शेवटचा शब्द पायलट-इन-कमांडचाच, म्हणजे मुख्य वैमानिकाचाच असतो ना?

कलिनावाला
कायद्याने हो. पण पुढच्या महिन्याचं बुकिंगही त्याच साहेबांचं असतं, आणि वैमानिकाला घर चालवायचं असतं. मी एक करायचो. बुकिंग घेतानाच विचारायचो, तिथे उतरता आलं नाही तर कुठे उतरायचं आणि पुढे गाडी कोण पाठवणार? कोल्हापूरचं बुकिंग असेल तर पुण्यालाही एक गाडी उभी. गाडी आहे म्हटल्यावर साहेबही शांत आणि कॅप्टनही. सभेला चार तास उशीर होतो, पण त्याची आपल्याकडे लोकांना सवय आहे.