वाळवंटी शहरातील छोटी मॅरेथॉन : हौशी धावकाने तयारी कशी करावी?

संथगती (मूळ प्रश्न)

नमस्कार. एका लहानशा वाळवंटी शहरात हिवाळा संपता संपता होणाऱ्या पूर्ण मॅरेथॉनसाठी मी नाव नोंदवले आहे. आजवरचे माझे सगळे धावणे दमट हवेत झाले आहे आणि स्पर्धाही मोठ्या गर्दीच्या होत्या. येथे मात्र पूर्ण अंतराला जेमतेम दोनशे-अडीचशे धावक असतात. मार्ग शहरातून निघून एका सरळ रस्त्याने ओसाड भागात जातो आणि त्याच रस्त्याने परत येतो. पाण्याची टेबले दर ५ किलोमीटरवर आहेत आणि ६ तासांनी रस्ता वाहतुकीस खुला होतो. सुरुवात सूर्योदयाच्या सुमारास असून तेव्हा तापमान ६ ते ८ अंश आणि दुपारपर्यंत २४-२५ अंश असते, असे आयोजकांनी कळवले आहे. मला साधारण सव्वापाच तास लागतील. हवा कोरडी असल्याने घाम कमी येतो आणि त्यामुळे त्रासही कमी होतो, असे काही मित्र सांगतात. ते कितपत खरे आहे? सोबत पाणी बाळगावे का आणि वेग कसा ठरवावा?

कोरडा वारा

घाम येतोच, पण तो त्वचेवर थांबत नसल्यामुळे आपल्याला कळत नाही. एक लिटर घामाचे पूर्ण बाष्पीभवन झाले, तर शरीरातून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. दमट हवेत त्यातला बराच घाम नुसता ठिबकून वाया जातो, कोरड्या हवेत जवळजवळ प्रत्येक थेंब कामी येतो. त्यामुळे त्रास कमी होतो हे तुमच्या मित्रांचे म्हणणे काही अंशी बरोबर आहे, फक्त त्यांनी दिलेले कारण चुकीचे आहे. बनियन शेवटपर्यंत कोरडे राहते, पण टोपीच्या कडेवर आणि खांद्याच्या पट्ट्यांवर मिठाची पांढरी रेघ उमटते. किती पाणी गेले याचा तोच काय तो पुरावा.

खरी अडचण तापमानाच्या चढणीची आहे. आकाश निरभ्र आणि हवेत बाष्प अत्यल्प, म्हणून रात्री जमिनीची उष्णता अडत नाही आणि पहाटे कडाका पडतो. सूर्य वर आला की पारा तितक्याच झपाट्याने चढतो. लहान शहरात उंच इमारती नाहीत, शहराबाहेर झाडे नाहीत, सावली शोधावी लागते आणि उघडी वाळू बरेच ऊन परावर्तित करते. तीन तासांत धावणारा यातून थंडीतच सुटतो. तुमचे शेवटचे दीड-दोन तास मात्र याच उन्हात जाणार आहेत. मोठ्या मॅरेथॉन स्पर्धांच्या निकालांचा २००७ साली जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातही हवा तापू लागली की संथ धावकांचा वेग आघाडीच्या धावकांपेक्षा अधिक घसरतो, असेच आढळले होते.

म्हणून वेगाचा हिशेब एकूण वेळेला ४२.१९५ किलोमीटर या पूर्ण अंतराने भागून करू नये. पहाटेच्या थंडीत पाय आपोआप जलद पडतात आणि त्याचा मोह फार होतो. परंतु उन्हात हृदयाचे ठोके त्याच वेगालाही वाढत जातात, तेव्हा सुरुवातीपासून श्रमाच्या अंदाजाने, जमल्यास ठोक्यांकडे पाहून धावावे आणि उत्तरार्ध पूर्वार्धापेक्षा दहा-पंधरा मिनिटांनी अधिक जाईल हे आधीच गृहीत धरावे.

वाऱ्याबद्दलही थोडे सांगतो, कारण याकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. सकाळी हवा स्थिर असते आणि जमीन तापल्यावर वारा सुटतो. परतीच्या सरळ रस्त्यावर तो पाठीमागून आला, तर आपण खूश होतो. प्रत्यक्षात वाऱ्याचा आणि आपला वेग सारखा झाला की अंगावरून हवा वाहणेच थांबते आणि उकाडा एकदम जाणवू लागतो. अशा वेळी तहान नसली तरी टोपीवर आणि मानेवर पाणी ओतावे. पाणी तर सोबत बाळगावेच आणि प्रत्येक टेबलावर न चुकता दोन पेले प्यावेत.

मोजूनमापून

वरील प्रतिसाद उत्तम आहे, तरी शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. ‘प्रत्येक टेबलावर न चुकता दोन पेले’ हा सल्ला सव्वापाच तास धावणाऱ्या व्यक्तीला धोक्याचा ठरू शकतो. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावकांच्या रक्ताची शर्यतीनंतर तपासणी झाली, तेव्हा त्यांपैकी १३ टक्के जणांच्या रक्तातील सोडियम प्रमाणापेक्षा कमी झालेले आढळले. शर्यतीत वजन वाढणे, म्हणजे गमावले त्याहून अधिक पिणे, आणि चार तासांपेक्षा जास्त वेळ लागणे, या दोन गोष्टींचा त्याच्याशी ठळक संबंध दिसला. संथ धावकाला घाम तुलनेने कमी येतो आणि पिण्यासाठी वेळ मात्र भरपूर मिळतो. वाळवंटाची धास्ती घेतलेला माणूस तर आणखीच पितो.

आपले प्रमाण आपणच काढावे. लांब पल्ल्याच्या सरावाआधी आणि नंतर, घाम पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करावे. एक किलो घट म्हणजे ढोबळमानाने एक लिटर पाणी, त्यात वाटेत प्यायलेले मिळवावे आणि तासांनी भागावे. हा सराव शक्य तितक्या कोरड्या हवेत करावा, कारण दमट हवेतील आकडा तेथे जसाच्या तसा लागू पडणार नाही. बहुतेकांना तासाला ४०० ते ८०० मिलिलिटर या मर्यादेत भागते, आणि संथ, हलक्या अंगाच्या धावकाने खालच्या टोकाकडे राहावे. माझ्या मते बाकीचे तहानेवर सोडावे.

घामाबरोबर सोडियमही जाते, म्हणून क्षारयुक्त पेय घ्यावे. परंतु अतिरिक्त पाणी प्यायल्याची भरपाई मिठाच्या गोळीने होत नाही. बोटे सुजणे, अंगठी घट्ट होणे, मळमळ, डोकेदुखी अशी लक्षणे दिसल्यास पिणे थांबवून वैद्यकीय मदत घ्यावी.

शेवटचा चौक (आयोजनात स्वयंसेवक)

पाण्यावरचा वाद बाजूला ठेवून छोट्या स्पर्धेबद्दल लिहितो. तुमच्या वेगाचे धावक तेथे मोजके असतील. दहाव्या किलोमीटरनंतर पुढचा माणूस ठिपक्याएवढा दिसेल आणि मागे कोणीच नसेल. गर्दीच्या स्पर्धांत आपण नकळत इतरांचा वेग उचलतो. येथे तो आधार नाही, पेसरही (ठरलेल्या वेगाने धावून इतरांना सोबत नेणारे धावक) बहुधा नसतात. सरळ रस्त्यावर दूरचा वळणबिंदू अर्धा तास आधीपासून दिसत राहतो आणि जवळ येत नाही, याने अनेकांचा धीर सुटतो. अंतर मोजणारे जीपीएस घड्याळ मात्र उघड्या आकाशाखाली नेमके चालते. तरीही शेवटी त्यावर ४२.१९५ पेक्षा थोडे जास्त अंतर भरेल, कारण मार्ग सर्वांत आखूड रेषेने मोजतात आणि तो आखूड भरू नये म्हणून दर हजार मीटरला एक मीटर जादा धरतात.

रस्त्याच्या कडेला वाळूचा पातळ थर असतो. बुटाखाली करकर आवाज आला की समजावे, आपण फार कडेला आलो आहोत. वळताना तेथेच पाय घसरतो. टेबलांवरील पेले संथ धावकांपर्यंत पुरतातच असे नाही, म्हणून अर्ध्या लिटरची बाटली सोबत असावी. ती भरलेली आहे म्हणून संपवलीच पाहिजे असे नाही. आयोजकांना तीन प्रश्न आधीच विचारावेत: शेवटच्या धावकामागे वाहन असते का, वेळेची मर्यादा केवळ शेवटाला आहे की मधल्या टप्प्यांनाही, आणि उष्माघात झाल्यास जागेवर बर्फ व पाण्याची सोय आहे का. शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर जाऊन माणूस असंबद्ध बोलू लागला, तर त्याला आधी तेथेच थंड करायचे आणि मग रुग्णालयात हलवायचे असते. तिसऱ्या प्रश्नाला टाळाटाळीचे उत्तर मिळाले, तर मी त्या स्पर्धेत धावणार नाही.

संथगती

सर्वांचे आभार. वजन करण्याची पद्धत या आठवड्यापासूनच सुरू करतो. आणखी एक शंका आहे. मला तेथे चारच दिवस आधी पोहोचता येईल. तेवढ्यात शरीर सरावते का?

कोरडा वारा

पिण्याच्या प्रमाणाबाबत ‘मोजूनमापून’ यांचे म्हणणे पटले. माझा सल्ला जलद धावणाऱ्यांच्या अनुभवावरून आलेला होता.

उष्णतेला शरीर पुरते सरावण्यास साधारण १० ते १४ दिवस लागतात. रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढण्याचा टप्पा पहिल्या काही दिवसांतच येतो. घाम लवकर सुटणे आणि त्यातील मीठ कमी होणे हे त्यानंतर घडते. तुम्ही दमट उष्णतेत धावत असाल, तर यातले बरेचसे घरूनच घेऊन निघाल. त्या चार दिवसांत हलके, उन्हातले अर्ध्या-पाऊण तासाचे धावणे पुरेसे आहे.

मात्र शहर समुद्रापासून किती दूर आहे, हे आधी पाहा. वाळवंट म्हणजे कोरडी हवाच, असे नसते. दोहा येथे २०१९ च्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतील महिलांची मॅरेथॉन मध्यरात्री सुरू करूनही ६८ पैकी २८ जणींना ती अर्धवट सोडावी लागली, कारण आखातावरून येणाऱ्या बाष्पामुळे रात्रीही घाम वाळत नव्हता. तुमचे शहर अंतर्भागात असेल, तर उलट काळजी घ्या: नाकाच्या आतली त्वचा सुकून रक्त येते आणि ओठ फुटतात, म्हणून दोन्हींना व्हॅसलीन लावावे. सुरुवातीच्या थंडीसाठी टाकून देता येईल असा जुना स्वेटर ठेवावा आणि पहिल्या टेबलावर तो काढून टाकावा.

शेवटचा चौक

स्वेटर टेबलामागच्या स्वयंसेवकाच्या हाती द्यावा, रस्त्यावर टाकू नये. वारा सुटला की तो मागून येणाऱ्याच्या पायात येतो.