बाळंतपणानंतर आमवात उसळला: हार्मोन्स की 'बाळंतवारं'?

हर्षदा, मिरज

नमस्कार. वय ३२, लग्नाआधीपासून आमवात आहे (रुमॅटॉइड; त्याची रक्तातली खूण, अँटी-सीसीपी, पॉझिटिव्ह). मिथोट्रेक्सेट ही आमवाताची गोळी चालू होती. बाळाचा विचार सुरू केल्यावर डॉक्टरांनी ती आधीच बंद करून हायड्रॉक्सीक्लोरोक्विन आणि सल्फासालाझिन या दुसऱ्या गोळ्यांवर ठेवलं. गरोदरपण तर असं गेलं की काय सांगू! पाचव्या महिन्यानंतर सकाळी उठल्या उठल्या मूठ वळायला लागली, दळणाचा डबा मी एकटी उचलून आणायचे. आई म्हणाली, बाळाचा पायगुण.

बाळ आता चार महिन्यांचं आहे. मनगटं सुजलीत, बोटांची मधली पेरं टरारून आलीत. बाळाला तळव्यांनी उचलता येत नाही, कोपरांत धरून उचलते. झबल्याचे बंद दुसरं कुणीतरी बांधतं.

घरात निकाल लागलेला आहे: सव्वा महिना व्हायच्या आत केस धुतले, पंख्याखाली झोपले, म्हणून बाळंतवारं भरलं. नणंद म्हणते हार्मोन्सचा गोंधळ आहे, अख्खं प्रोफाइल करून घे, लॅबमध्ये पॅकेज मिळतं. शेजारच्या काकू म्हणतात दूध तोड. हार्मोन्सचा खरंच एवढा संबंध असतो का? तपासून काही हाती लागेल का? डॉक्टरांची तारीख महिन्यानंतरची आहे.

विद्याताई, नाशिक

हर्षदा, मी नर्सिंगच्या मुलींना औषधशास्त्र शिकवायचे आणि हा आजार माझ्याही हातांत आहे, म्हणून जरा लांबण लावते.

केस धुतल्याने मनगट सुजत नाही. सासूबाईंना गोडीत सांग, पण सांग. डिंकाचे लाडू खा, शेकही घे, बरं वाटतं. आजार मात्र त्याने हलत नाही.

तुझ्यासारख्या बायकांनीच वैद्यकाला मोठा धागा दिला. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच नावाचे डॉक्टर होते. कावीळ झाली किंवा दिवस राहिले की आमवाताच्या रुग्णांचं दुखणं ओसरतं, हे त्यांनी टिपून ठेवलं. १९३८ मध्ये त्यावर लिहिलं. शरीरातच काहीतरी तयार होतंय, या शोधात ते कॉर्टिझोनपर्यंत पोचले, १९४८ मध्ये ते पहिल्यांदा एका आमवाताच्या बाईला टोचलं आणि १९५० चं नोबेल आणखी दोघा शास्त्रज्ञांसोबत मिळालं. आपण ज्याला स्टेरॉइड म्हणून नाकं मुरडतो, त्याच्या मुळाशी गरोदर बायकांचं निरीक्षण आहे!

आता तुझं. गरोदरपणात इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन, कॉर्टिसॉल तिन्ही खूप वाढतात. गर्भ अर्धा बापाचा, म्हणजे आईच्या शरीराला अर्धा परका. त्याला सांभाळून घ्यायचं म्हणून प्रतिकारशक्तीचा जो हात सांध्यांवर चालतो तो आखडता घेतला जातो. वार पडली की ही हार्मोन्स काही दिवसांत खाली येतात, वर अंगावर पाजताना प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध आणणारं हार्मोन, चढलेलं असतं आणि ते प्रतिकारशक्तीला डिवचतं. पण सगळं खापर हार्मोन्सवरच फोडू नकोस. आई आणि बाळ यांच्या एचएलए जनुकांत (आपलं-परकं ओळखायला लावणारी जनुकं) जास्त फरक असेल तर गरोदरपणातला आराम जास्त, असंही दिसलं आहे. २००८ च्या एका डच अभ्यासात, आजार जागा असलेल्यांपैकी साधारण निम्म्या जणींना गरोदरपणात चांगला उतार पडला आणि बाळंतपणानंतर शंभरात ३९ जणींचा आजार उसळला. म्हणजे तू काही जगावेगळी नाहीस.

पॅकेजचे पैसे वाचव. अंगावर पाजणाऱ्या बाईचं इस्ट्रोजेन कमीच येणार, त्या आकड्यावरून कुणी तुझी गोळी बदलणार नाही. ईएसआर आणि सीआरपी (अंगातली सूज किती ते दाखवतात), हिमोग्लोबिन, लिव्हर आणि थायरॉइडची टीएसएच कर. दूध तोडून आजार हटेल याला भरवसा नाही. बाळ पूर्ण दिवसांचं आणि निरोगी असेल तर तुझ्या आत्ताच्या दोन्ही गोळ्या पाजताना चालतात, कमी मात्रेतलं प्रेडनिसोलोनही चालतं. मिथोट्रेक्सेट नाही. तेच लागणार असेल तर दुधाचा प्रश्न डॉक्टरांशी बोल.

आणि महिनाभर थांबू नकोस. सूज तशीच राहिली तर हाड झिजतं, ते परत भरून येत नाही. उद्याच फोन लाव.

गणेश, पुणे

म्हणजे पुरुषांना टेस्टोस्टेरॉनचं कवच असतं का?

विद्याताई, नाशिक

थोडंफार. पण क्लाइनफेल्टर असलेल्या, म्हणजे एक एक्स गुणसूत्र जादा असलेल्या एक्सएक्सवाय पुरुषांना ल्युपसचा (यातही प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते) धोका इतर पुरुषांच्या सुमारे १४ पट असतो. तेव्हा बायकांत असतं त्या दुसऱ्या एक्स गुणसूत्राचाही हात आहे. आणि फुशारकी नको, पाठीचा कणा आखडवणारं अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस तुमच्यातच जास्त निदान होतं.

मनीषा, ठाणे

हर्षदाचं वाचून कुणी ल्युपसवाली 'दिवस गेले की बरं वाटेल' म्हणून बसू नये. आमचं उलटंही होतं. ऐन बाळंतपणाच्या वयात दर दहा ल्युपस रुग्णांत नऊ बायका, आणि गरोदरपणात आजार भडकू शकतो. मला डॉक्टरांनी आधी सहा महिने आजार शांत ठेवायला लावला. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन नऊ महिने बंद केलं नाही, बंद केलं तर भडकतो. अँटी-आरओ ही अँटिबॉडी पॉझिटिव्ह होती, ती बाळाच्या हृदयाला त्रास देऊ शकते, म्हणून बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी पुन्हा पुन्हा झाली. नंतर पाळणा लांबवायला इस्ट्रोजेनच्या गोळ्या मिळाल्या नाहीत, कारण अँटीफॉस्फोलिपिड अँटिबॉडीज आहेत आणि रक्ताच्या गुठळीची भीती. तांबी बसवली.

आरती के.

विद्याताईंनी टीएसएच ओझरतं सांगितलं, मी ठासून सांगते. माझी धाकटी तीन महिन्यांची असताना छाती धडधडायची, वजन उतरत होतं. सगळे म्हणाले, जागरणं आहेत. मग एकदम उलटं, अंग जड, केसांचे पुंजके. बाळंतपणानंतरचा थायरॉइडायटिस निघाला, हाही ऑटोइम्यूनच, म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती आपल्यावर उलटल्याने होणारा. शंभरात पाच ते दहा जणींना होतो, थायरॉइडवर उलटणारी टीपीओ अँटिबॉडी असेल तर शक्यता जास्त. थायरॉक्सिनची (थायरॉइडच्या हार्मोनची) गोळी लागली तर रिकाम्या पोटी, आणि बाळंतपणातल्या लोह-कॅल्शियमच्या गोळ्यांपासून चार तास लांब.

हर्षदा, मिरज

फोन केला, शुक्रवारी या म्हणाले. सासूबाई सोबत येणार आहेत, त्यांना डॉक्टरांच्याच तोंडून ऐकायचंय. तोवर बाळाला पाजताना मनगटाचं काय करू?

विद्याताई, नाशिक

कुशीवर झोपून पाज, वजन गादीवर जाईल. मनगटाचा पट्टा मेडिकलमध्ये मिळतो, रात्री बांध. बंदांची झबली बाजूला ठेव, पुढून टिचबटणांची आण. आणि शुक्रवारी जाताना गरोदरपणातली फाइल विसरू नकोस, तेव्हाचा सीआरपी त्यांना आत्ताच्या शेजारी ठेवून बघायला लागेल.